बायबरोबर ऐकलेलं जॅझ

रविवारी दुपारचा चहा झाला की मी डिचोलीहून स्कूटर काढतो आणि पेडण्याच्या वाटेला लागतो. पेडण्याला माझी मोठी बहीण राहते. आम्ही सगळे तिला बाय म्हणतो. मी पोचेपर्यंत ती तयार होऊन सोप्यावर बसलेली असते. अंगावर सुती साडी, केसांत आबोलीचा वळेसर, वाळूत चालायला बऱ्या अशा रबरी चपला आणि मांडीवर घडी केलेली शाल. शेजारीण कुंपणापलीकडून विचारते, आज खंय? बाय सांगते, गाणं ऐकायला. शेजारणीला वाटतं, कुठंतरी भजन असणार. बायही तिचा समज मोडत नाही. स्कूटर वळली की माझ्या मागे बसून तेवढी हसते.

आम्ही दोघंही साठीच्या आसपासची. मी डिचोलीत एका खाणीच्या कचेरीत आयुष्यभर नोकरी केली, बाय प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. जॅझ आणि रॉक हे शब्द आमच्या घरात कधी उच्चारले गेल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे गाणं म्हणजे जत्रेतल्या नाटकाचं गाणं. आमच्या गावात जत्रेला संगीत नाटक व्हायचंच, आणि बाय बारावीत असल्यापासून त्यात गायची. रंगमंचाखाली, पडद्याच्या अगदी पायथ्याशी, मी ऑर्गनवर बसायचो. घरी सराव पेटीवर, जत्रेत ऑर्गन. काळी पाचमध्ये तिचा आवाज असा काही निघायचा की देवळामागच्या शेतात कांबळं पांघरून बसलेली माणसंसुद्धा उठून पुढे यायची. ती वरच्या षड्जावर थांबली की मी पट्टीवरून बोटं उचलून घ्यायचो. त्या क्षणी माझी गरज नसायची आणि ते मला आवडायचं. लग्न झालं, मुलगी झाली, शाळा आली. तरी वर्षातून एकदा बाय माहेरी येऊन गायची आणि मी वाजवायचो.

मग तिच्या गळ्याच्या ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली. त्याला आता बरीच वर्षं लोटली. दुखणं गेलं, ती वाचली, घरच्यांना आणखी काही नको होतं. बोलण्याचा आवाज हळूहळू परत आला, पण जाडसर, कडेला फाटलेला. वरचे स्वर आलेच नाहीत. डॉक्टरांनी तसं होऊ शकतं म्हणून आधीच सांगितलं होतं, त्यामुळे कोणाला बोल लावायचीही सोय नव्हती. पहिल्या वर्षी तिनं एकदा माझ्यासमोर बसून प्रयत्न केला. मध्यमापर्यंत ठीक गेलं, पंचमावर आवाज सटकला आणि नुसती हवा बाहेर आली. तिनं पदर सारखा केला आणि चहा ठेवायला उठून गेली. मी पेटीचा भाता मिटवला. त्यानंतर तिनं गाणं म्हटलं नाही आणि मीही पेटी उघडली नाही. दुसऱ्या कोणासाठी वाजवायचं मनात आलं नाही.

तिला गाणं ऐकणंही नकोसं झालं. भजनी सप्ताहात ती पाया पडून लगेच मागे फिरायची. रेडिओवर एखादं नाट्यपद लागलं की खोलीतून बाहेर जायची. याविषयी ती माझ्याशी एकदाच बोलली. म्हणाली, शब्द माहीत असले की गळा आपोआप हलतो. पुढची जागा यायच्या आधीच तो तयार होऊन बसतो आणि मग जागा आली की त्याला लाज वाटते. ती गळ्याबद्दल असं बोलली, जणू तो घरातला कोणी वेगळा माणूस होता.

तिची मुलगी, माझी भाची, मांद्र्याला एका गेस्ट हाऊसमध्ये व्यवस्थापक आहे. समुद्रापासून जरा आत, माडांच्या बागेत बांधलेलं ते घर. थंडीच्या दिवसांत तिथं रविवारी संध्याकाळी वादक येतात, पाच-सहा टेबलं बागेत मांडली जातात आणि काळोख पडायच्या सुमाराला सगळं संपतं. भाचीनं दोघांना बोलावलं. बाय नको म्हणाली. गाणं असेल तर मी येत नाही, तू मामाला घेऊन जा, असं तिनं सरळ सांगून टाकलं.

भाची आईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, तिथं तुला एकसुद्धा गाणं ठाऊक नसणार."

बायनं माझ्याकडे बघितलं आणि कोणती साडी नेसू म्हणून विचारलं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन माडांच्या खोडांवर आडवं पडलं होतं. बागेची वाळू संध्याकाळच्या उजेडात हळदीसारखी दिसत होती. एका कोपऱ्यात जमिनीवर गालिचा पसरला होता आणि तिथंच वादक बसले होते. मंच वगैरे काही नव्हता. एक इलेक्ट्रिक पियानो, एक छोटा ड्रम, एक सॅक्सोफोन, आणि माणसाएवढं उंच, उभं धरून वाजवायचं व्हायोलिन, ज्याला भाचीनं डबल बेस म्हणतात म्हणून सांगितलं. मध्ये एक रिकामी खुर्ची. बायनं आपली खुर्ची किंचित रस्त्याकडे वळवून घेतली. उठून जायची वेळ आली तर कोणाला ओलांडावं लागू नये, हा तिचा विचार मला कळला.

वादकांनी सुरुवात केली आणि बराच वेळ मला काही पत्ताच लागेना. डबल बेसवाला तारा बोटानं ओढत होता, तो नाद कानांत शिरायच्या आधी खुर्चीच्या पायांतून वर येत होता. ड्रमवाल्याच्या हातांत काठ्या नव्हत्या, तारांच्या कुंच्या होत्या, आणि तो त्या ड्रमच्या कातड्यावर गोल गोल फिरवत होता. कोणी पहाटे शेणानं सारवलेलं अंगण झाडावं तसा आवाज. माडाच्या झावळ्यांची सावली त्याच्या पितळी थाळीवर हलत होती. सॅक्सोफोन एक साधीशी धून वाजवून तिच्यापासून लांब लांब जात राहिला. मी समेची वाट बघत बसलो. सम येईना. मग मी वाट बघायची सोडून दिली, आणि तेव्हा कुठं ते सगळं एखाद्या नदीसारखं माझ्या बाजूनं वाहायला लागलं.

तिसऱ्या गाण्याला गायिका आली. मी तरुण बाई येईल असं धरून चाललो होतो. आली ती पंच्याहत्तरीच्या घरातली ख्रिश्चन बाई, पांढरे कापलेले केस, राखाडी फ्रॉक, हातात काठी. भाचीनं कानाशी सांगितलं की ती तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत बँडबरोबर गायची, आता म्हापशाच्या पलीकडे गावी राहते. ती खुर्चीवर बसली, काठी गुडघ्यांत धरली, कोमट पाण्याचा घोट घेतला आणि कसलीही तयारी न करता गायला लागली.

तिचा आवाज गेलेला होता.

हे मला पहिल्या ओळीतच कळलं. आवाज खरखरीत होता, श्वास आखूड होता, ओळीचं शेवटचं अक्षर कधी ऐकू यायचं, कधी नाही. मी घाबरून बायकडे बघितलं. ती रस्त्याकडे तोंड करून बसली होती, मान खाली. मला वाटलं, आता उठणार. भाचीवर मला रागही आला.

गाणं संथ होतं. इंग्रजी शब्द मला तुटक कळत होते. कोणीतरी घरी परत यायचं होतं आणि आलं नव्हतं, एवढंच. चाल तीन पायऱ्यांनी वर चढायची आणि तिसऱ्या पायरीवरून खाली उतरायची. पहिली पायरी ती चढली. दुसरी चढली. तिसरीच्या अलीकडे ती थांबली आणि तिनं मान वर करून माडाच्या शेंड्याकडे बघितलं. तिथं सॅक्सोफोनवाल्यानं तो वरचा स्वर लावला, इतका हलका की तो तिच्याच छातीतून निघाल्यासारखा वाटला. मग उतरताना ती पुन्हा त्याच्यात मिसळली. दुसऱ्या कडव्यात तीच जागा आली. ती थांबली. यावेळी सॅक्सोफोन वाजला नाही. पियानोवाल्यानं पट्ट्यांवरून हात उचलले होते, बेसवाल्याची बोटं तारेवर नुसती टेकली होती. कोणीच काही वाजवलं नाही, आणि तो स्वर मला ऐकू आला. बागेत बसलेल्या सगळ्यांना तो ऐकू आला असणार, कारण त्या क्षणी कोणाचा चमचासुद्धा बशीला लागला नाही.

इतकी वर्षं मी साथ केली होती. गायिकेचा आवाज जिथं पोचतो तिथं आपण हात उचलायचे, हे मला माहीत होतं. आवाज जिथं पोचत नाही तिथंही हात उचलता येतात, हे मी त्या पियानोवाल्याकडून त्या संध्याकाळी शिकलो.

वाळूवर काहीतरी खरडल्याचा आवाज झाला. बायनं खुर्ची फिरवून घेतली होती. ती आता गायिकेकडे सरळ तोंड करून बसली होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, प्रसाद घ्यायला ठेवावेत तसे. तिचा गळा हलत होता. मी नजर काढून घेतली.

त्या बाईनं आणखी तीन-चार गाणी म्हटली. एक खट्याळ होतं, त्यात तिनं काठीनं जमिनीवर ताल धरला आणि ड्रमवाला हसत हसत तिच्या मागे गेला. एका गाण्यात तिनं शब्दच सोडून दिले आणि नुसती अक्षरं घेऊन सॅक्सोफोनशी बोलत राहिली. तो विचारायचा, ती उत्तर द्यायची, कधी उत्तराऐवजी उलट प्रश्न टाकायची. लोक टाळ्या वाजवत होते. सूर्य माडांच्या मागे गेला आणि सगळी बाग निळसर झाली. मला मध्येच असं वाटलं की आपण जागे नाही आहोत, दुपारच्या झोपेत हे बघतो आहोत आणि कोणी हाक मारली तर हे विरघळून जाईल.

गाणं संपल्यावर बाय उठून तिच्याकडे गेली. मी मागोमाग गेलो. दोघी कोकणीत बोलल्या. बायनं आधी नमस्कार केला, गाणं फार आवडलं म्हणाली, गावची चौकशी केली. मग अडखळत तिनं विचारलं की तुमचा आवाज असा कधी झाला आणि त्यानंतर तुम्ही गाणं सोडलं होतं का. विचारून झाल्यावर ती एकदम ओशाळली. पण म्हातारीला त्यात काही वावगं वाटलं नाही. वय आणि वर्षानुवर्षं हॉटेलांतला सिगारेटचा धूर, असं तिनं सांगितलं. काही वर्षं सोडलंही होतं. मग बायच्या आवाजाकडे तिचं लक्ष गेलं असावं. तिनं बायचा हात हातात घेतला.

"पयलीं हांव गावन दाखयताली," ती म्हणाली. "आतां हांव सांगतां."

आधी गाऊन दाखवायची, आता सांगते. बायनं मान हलवली.

परतताना मांद्र्याच्या शेतांमधून गार वारा येत होता. दिवे लागले होते, पण आकाशात अजून उजेड होता. बाय माझ्या मागे बसली होती, शाल डोक्यावरून घेऊन. शेतं संपून चढ लागला तेव्हा माझ्या पाठीला काहीतरी जाणवलं. आधी वाटलं, स्कूटरचीच थरथर. मग कळलं, ती गुणगुणते आहे. हेल्मेटमुळे मला चाल ऐकू येत नव्हती. नुसता तिच्या छातीतला नाद माझ्या पाठीवर उमटत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मी वेग कमी केला. मागच्या गाड्या पुढे जाऊ दिल्या. पेडण्यापर्यंत मी एकदाही हॉर्न वाजवला नाही. दारात उतरल्यावर तिनं मला जेवून जा म्हटलं, मी डिचोलीला पोचायचं आहे म्हटलं आणि स्कूटर वळवली.

त्यानंतर आम्हाला नाद लागला. भाची सांगायची, अमुक ठिकाणी अमुक लोक येणार आहेत, आणि आम्ही जायचो. कधी मांद्रे, कधी हरमल, कधी मोरजी. सगळंच चांगलं होतं असं नाही. एका ठिकाणी लोक इतके मोठ्यानं बोलत होते की ट्रम्पेटवाल्यानं वाद्य पुसून पेटीत ठेवलं आणि स्वतःही कोळंबी मागवून बसला. एका ठिकाणी गायक गाण्यापेक्षा स्वतःविषयीच अधिक सांगत होता. पण काही संध्याकाळी मनात जशाच्या तशा राहिल्या. हरमलला एक मुलगी व्हायोलिनवर जॅझ वाजवत होती आणि तिच्या मागे समुद्रात भरती चढत होती. ती डोळे मिटून वाजवत असल्यामुळे पाणी तिच्या गालिच्यापर्यंत आलेलं तिला कळलंच नाही. लोकांनी गालिचा तिच्यासकट हलकेच मागे ओढला आणि तिनं वाजवणं थांबवलं नाही.

बायनं या संगीताला आपली भाषा लावली होती. वादक मूळ चाल सोडून भटकायला लागला की ती माझ्याकडे वाकून सांगायची, हा आता घरातून निघाला. मग त्याच्या मागोमाग तीही जायची, तिच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. तो फार लांब गेला की तिच्या कपाळाला आठी पडायची. आणि तो अचानक एखाद्या गल्लीतून निघून पुन्हा उंबऱ्यावर उभा राहिला की ती माझ्या मनगटावर चापट मारायची, नाटकात चांगली जागा आली की पुढच्या रांगेतले म्हातारे मांडीवर मारायचे तशी.

रॉकला मात्र ती घाबरून होती. माझीही तीच गत. पण भाचीच्या ओळखीचे चार तरुण मोरजीला वाजवणार होते, नाही कसं म्हणायचं? किनाऱ्यावरच्या एका उपाहारगृहाच्या लाकडी कट्ट्यावर त्यांनी सामान मांडलं होतं. गिटारच्या पहिल्याच फटक्याला माझ्या छातीत काहीतरी हललं. बायनं दोन्ही कानांवर हात ठेवले. गाणारा पोरगा मानेच्या शिरा ताणून ओरडत होता, ड्रमवाला अख्खा घामानं निथळत होता. थोड्या वेळानं बायनं एक हात काढला. मग दुसरा. मला म्हणाली, हा ओरडतो खरा, पण सुरात ओरडतो. आणि ते खरं होतं. त्या गोंगाटाच्या आत एक सरळ, दुखरी चाल होती. वडिलांशी भांडून घर सोडलेल्या मुलाचं ते गाणं होतं, असं भाचीनं नंतर सांगितलं. त्यांनी ते दोनदा टिपेला नेलं, आणि दुसऱ्या वेळी मी स्वतःच पाय आपटत होतो.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा वनखात्याचा एक रखवालदार वाळूतून चालत आला. मोरजीच्या त्या पट्ट्यावर थंडीत कासवं अंडी घालायला येतात. दिवस मावळला की मोठा आवाज आणि मोठे दिवे बंद करावे लागतात. त्यानं हे शांतपणे सांगितलं. तरुणांनाही ते ठाऊक होतं, त्यांना फक्त वेळेचं भान राहिलं नव्हतं. त्यांनी लगेच वायरी काढल्या, दिवे मालवले. लोक उठायला लागले. तेवढ्यात गाणारा पोरगा साधी लाकडी गिटार घेऊन कट्ट्याच्या पायरीवर येऊन बसला. ड्रमवाल्यानं बाटल्यांचा एक रिकामा खोका उलटा केला. दुसरे दोघं वाळूतच बसले. आणि त्यांनी तेच गाणं पुन्हा सुरू केलं, आता कुजबुजीत.

मघाशी छातीवर आदळलेली चाल ती हीच का, असा मला संशय आला. आता ती एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी म्हणावी तशी येत होती. मुलगा वडिलांशी भांडत नव्हता. खूप वर्षांनी, त्यांच्या माघारी, त्यांना समजावत होता. खोक्यावर बोटांचे ठोके पडत होते. लाटेचा आवाज ओळींच्या मधल्या जागेत येऊन बसत होता. उठलेले लोक जिथल्या तिथं वाळूत बसले. पश्चिमेला एक तांबडी रेघ तेवढी उरली होती आणि सगळ्यांचे चेहरे विझत चालले होते. रखवालदार विजेरी खाली करून आमच्या शेजारीच उभा राहिला.

गाणं संपलं, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांनी हात वर करून नुसते हलवले. रखवालदार बायकडे निरखून बघत होता. चाळिशीतला, पेडण्याकडचाच माणूस. त्यानं विचारलं की तुम्ही माझ्या आजोळच्या जत्रेत गायचात ना, मी लहान होतो, आईच्या मांडीवर बसून बघितलं होतं. बायनं होकार दिला. आता हा विचारणार, हे मला कळत होतं आणि मी मधेच दुसरा विषय काढायच्या तयारीत होतो. पण त्यानं विचारलंच.

"आता गात नाही?"

"गाते," बाय म्हणाली. "हळू गाते."

तो हसला आणि कासवांना बरं, म्हणाला. बायही हसली. मी काळोख होत आलेल्या पाण्याकडे बघत राहिलो. घरी, एकटी असताना, स्वयंपाकघरात ती गात असेल असा अंदाज मला होता. पण तिनं ते आपल्या तोंडानं, परक्या माणसाला, काही लपवल्यासारखं न करता सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. पेटी घेऊन ये, म्हणाली. पेटीची अवस्था वाईट होती. भात्याचं कातडं कडक झालं होतं, दोन पट्ट्या दमटपणानं फुगून बसल्या होत्या. म्हापशाच्या एका कारागिराकडून ती नीट करून घेतली आणि एका दुपारी आम्ही तिच्या सोप्यावर बसलो. आधी काळी पाच लावून बघायची सवय बोटांना होती. तिनं मान हलवली. एकेक पट्टी खाली येत आम्ही पांढरी तीनवर थांबलो. तिनं जुनंच एक पद धरलं, पण पूर्वीच्या मानानं फार संथ. पंचमापर्यंत आली. पुढं तार षड्जाची जागा होती. ती थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

मी तो स्वर वाजवला. फार मोठा वाजला. ती म्हणाली, अरे, एवढा नको. पुन्हा धरलं. यावेळी मी नुसता भाता ओढला आणि पट्टी अर्धीच दाबली. तिसऱ्या वेळी काहीच वाजवलं नाही. ती त्या शांततेतून सरळ पुढच्या शब्दावर उतरली आणि मला ते पद, जे मी जन्मभर वाजवलं होतं, पहिल्यांदा कळलं. पतीला निरोप देणारी बाई त्यात आहे. पूर्वी बाय ते म्हणायची तेव्हा लोकांना तिचा आवाज आठवणीत राहायचा. आता ती बाई आठवणीत राहील असं झालं होतं. दुपार सरली. सोप्यावरचं ऊन भिंतीवर चढलं. आम्ही ते एकच पद घेऊन बसलो होतो.

पुढच्या जत्रेला नाटकाआधी तिला दोन पदं म्हणायला बोलावलं. तिनं आधीच बजावलं होतं की मी पूर्वीसारखी गाणार नाही. ऑर्गनवर मी बसलो. मागे शेतात बसलेल्या लोकांपर्यंत तिचा आवाज पोचला नाही. काही जण बोलत राहिले, काही चहाच्या दुकानांकडे गेले. पुढच्या सात-आठ रांगा मात्र हळूहळू गप्प झाल्या. पहिलं पद झाल्यावर एक ओळखीचे म्हातारे मंचापाशी येऊन म्हणाले, मजा आली, पण पूर्वीचं ते राहिलं नाही. बाय म्हणाली, नाहीच राहिलं. ती हे अगदी सहज म्हणाली. म्हाताऱ्यांनी तिच्या हातावर जत्रेतले गोड खाजे ठेवले आणि माझ्याशेजारी बसून दुसरं पद ऐकलं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही आमोण्याला गेलो होतो. मांडवीच्या काठावर एका संगीतप्रेमी माणसाच्या घराच्या अंगणात तीन वादक आले होते: पियानो, डबल बेस आणि ट्रम्पेट. आम्ही तीस-चाळीस जण जमिनीवर चटया टाकून बसलो होतो. नदी समोर, पलीकडच्या तीरावर खाजणाच्या दलदलीतले बगळे. संध्याकाळ इतकी स्थिर होती की पाण्यात माड उलटे, जसेच्या तसे दिसत होते. ट्रम्पेटवाल्यानं वाद्याच्या तोंडाला झाकण लावून एक गाणं घेतलं, लांबून कोणी साद घालावी तसं.

ते मध्यावर आलं असताना वळणावरून खनिजानं भरलेलं एक बार्ज आलं. पाण्यात खोल बसलेलं, संथ, मुरगावच्या दिशेनं निघालेलं. त्याच्या इंजिनाचा धडधडाट आधी आला, मग त्यानं भोंगा दिला. एकच लांब, खर्जातला स्वर. ट्रम्पेटवाला थांबला. मला वाटलं, गाणं मोडलं. पण बेसवाल्यानं मान तिरकी करून ऐकलं, तारेवर बोट सरकवत तो स्वर शोधला आणि भोंगा विरायच्या आत धरला. पियानोवाल्यानं त्यावर दोन-तीन स्वर ठेवले. ट्रम्पेट हळूच परत आला, आता त्या नव्या षड्जावर. तेच गाणं एका वेगळ्या घरात राहायला गेलं. बार्ज अंगणासमोरून जाईपर्यंत त्यांनी त्याच्या इंजिनाची लय सोडली नाही. बार्जवरचे दोन खलाशी कठड्याला टेकून आमच्याकडे बघत होते. त्यांतल्या एकानं हात वर केला.

आजवर अशा प्रत्येक ठिकाणी मी अर्धा वेळ बायकडे बघत आलो होतो. तिला हे सोसतं आहे ना, ती उठणार तर नाही ना, तिचा गळा हलतो आहे का. त्या संध्याकाळी ती माझ्या डाव्या बाजूला बसली होती एवढंच मला माहीत होतं. मी डोळे मिटले. तो खर्ज चटईतून, मातीतून माझ्या अंगात भरत होता, बार्ज लांब जात होतं तसा त्यातला एक एक थर कमी होत होता, आणि मी त्याच्याबरोबर पाण्यावरून जात होतो. किती वेळ गेला सांगता येत नाही.

डोळे उघडले तेव्हा वादक पाणी पीत होते. बाय माझ्याकडे बघून हसत होती.

"खूप लांब गेला होतास," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो. बार्जनं उठवलेल्या लाटा अजून काठाला लागत होत्या.